मागच्या दाराची वनभोजनं

थंडीत सकाळी अकराच्या सुमाराला मला अजून भूक लागते. सून म्हणते, "आई, आत्ता तर नाश्ता झाला तुमचा." तिचं बरोबरच आहे. पण पोटाची सवय मोडत नाही. त्या वेळेला मला भाकरी खावीशी वाटते ती जमिनीवर मांडी घालून, पाठीवर ऊन घेत, आणि शेजारी दहाजणींनी एकमेकींच्या डब्यात हात घातलेला असताना. खुर्चीवर बसून एकटीनं खाल्लं की ती भूक जात नाही. आठ-नऊ वर्षं होत आली, मी रोज अशी थोडी उपाशीच आहे म्हणा ना.

मी मूळची माणदेशातली. लग्न करून बोईसरला आले ती नवऱ्याच्या मागून, तारापूरच्या कारखान्यांत त्याला काम मिळालं म्हणून. सरावलीत एक खोली घेतली, पुढे तिच्या दोन झाल्या. शाळा माझी चौथीपर्यंत. वाचायची गोडी मात्र होती, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा चुलीत घालायच्या आधी वाचायची, तसं करत करत लिहायलाही आलं. मुलं हाताशी आली, नवऱ्याची तब्येत ढासळली, तेव्हा मीही कंपनीत जायला लागले. ठेकेदाराच्या हाताखाली. म्हणजे काम कंपनीचं, बाई ठेकेदाराची, आणि हजेरीच्या रजिस्टरात दोघांच्याही नाही. आम्ही अकरा जणी होतो अशा.

कंपनी रंगाची होती. रंग म्हणजे भुकटी. ड्रममधून काढायची, पिशवीत भरायची, वजन करायचं, पिशवीचं तोंड शिवायचं, ढिगाला लावायची. दिवसभर हेच. नाकाला ओढणी नाहीतर पदर बांधलेला. ज्या आठवड्यात पिवळा माल असेल त्या आठवड्यात आम्ही पिवळ्या, लाल असेल तेव्हा लाल. हात ब्लिचिंगच्या पाण्यात धुवायचो, कातडं सोलून निघायचं पण नखांच्या कडेचा रंग निघायचा नाही. घाम यायचा तोसुद्धा रंगीत. माझ्या उशीचा अभ्रा बघून नवरा म्हणायचा, "तू झोपतेस का छपाई करतेस?" संध्याकाळी बोईसर स्टेशनाकडे जाणाऱ्या बायांचे हात बघून कोण कुठल्या कंपनीतली ते लोक ओळखायचे. आम्हीसुद्धा ओळखायचो. निळ्या हाताच्या बायांकडे बघून आमच्यातली एखादी म्हणायची, "बिचाऱ्या, त्यांचा मालक फार वाईट आहे." आपले हात पिवळेधमक आहेत हे त्या वेळी लक्षात येत नसे.

आमच्यात नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. गावानं मारायची. मी सरावलीवाली. एक पामवाली होती, खारं-सुकं आणायची, डबा उघडला की अर्धी कंपनी वासानं जागी व्हायची. आणि एक सफाळेवाली. ती सफाळ्याची नव्हेच खरं तर, सफाळ्याला गाडीत बसायची एवढंच. तिचा पाडा तिथून आत, डोंगराच्या अंगाला, स्टेशनपर्यंत दीड तास चालत. पावसाच्या पाण्यावरचं एवढंसं भाताचं शेत. भात कापून झालं की घरातले सगळे पूर्वी वीटभट्टीवर जायचे, झोपडी बांधून राहायचे. ती कंपनीत लागली आणि तिला वाटलं, सुटलो. मला म्हणाली होती, "भट्टीवर डोक्यावर ऊन, पायाखाली आग. हितं छप्पर हाय गे बाय. पंखा हाय." पंखा होता खरा. भुकटी उडते म्हणून तो कधी लावत नसत.

ती माझ्या शेजारी बसायची. मी भरायची, ती शिवायची. तिच्याएवढी हसरी बाई मी पुन्हा पाहिली नाही. माझी ज्वारीची भाकरी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "ही खायाची का पायात घालाची?" मी म्हटलं, "तुमची तांदळाची बघ, फुंकर मारली तर तारापूरच्या समुद्रात जाईल उडून." त्या दिवसापासून आम्ही भाकरी बदलून खायला लागलो. तिची मला, माझी तिला. घरी गेल्यावर नवरा विचारायचा, चटणी संपली का डब्यातली, तर ती तिनं संपवलेली असायची.

आता ते मागच्या दाराचं सांगते, कारण सगळं त्याच्याभोवती आहे.

कंपनीत कुणी सरकारी माणूस तपासणीला आला की फाटकावरचा वॉचमन घंटा वाजवायचा. तीन टोले. तीन टोले झाले की आम्ही अकरा जणींनी हातातलं काम टाकायचं, डबा, चप्पल, ओढणी, जे आपलं असेल ते सगळं उचलायचं, आणि मागच्या दारानं बाहेर जायचं. मागे मोकळं रान होतं आणि तीन करंजाची झाडं. तिथं बसायचं. साहेबाची गाडी गेली की वॉचमन पुन्हा एक टोला द्यायचा, मग आत. साहेबानं रजिस्टर पाहिलं की तिथं नावं असलेली माणसं कामावर उभी, आणि नावं नसलेल्या बाया करंजाखाली. हिशेब बरोबर जुळायचा.

हे ऐकून माझा मुलगा चिडतो. म्हणतो, "तुम्हाला लपवून ठेवत होते आणि तुम्ही लपत होता?" लपत नव्हतो रे बाबा. आम्ही वनभोजनाला जात होतो. आम्ही त्याला वनभोजनच म्हणायचो. बारा तासांच्या दिवसात, बाथरूमला जायला विचारावं लागायचं अशा ठिकाणी, कुणीतरी घंटा वाजवून सांगायचं की जा, झाडाखाली बसा. कोण नाही म्हणेल? टोले पडले की आमच्या अंगात पोरीबाळी यायच्या. पामवाली तर चपला हातात घेऊन पळायची. तिथं डबे उघडायचे, सुकट, चटणी, सफाळेवालीनं उकडून आणलेले करांदे, म्हणजे रानातले कडवट कंद, कधी चवळीच्या शेंगा, उन्हाळ्यात ताडगोळे. कुणी कुणाच्या उवा काढायची. कुणी सासूची नक्कल करायची. सफाळेवाली त्यांच्याकडची लग्नातली गाणी म्हणायची, ती फार हळू सुरू व्हायची आणि मग सगळ्या टाळ्या धरायच्या. एकदा इतकं जोरात हसलो की वॉचमन मागं धावत आला, "अरे मौसी, धीरे, साहब अंदर है." त्याला बघून आणखी हसलो.

आयुष्यात मला निवांत असं बसायला मिळालं ते तिथं. माहेरी नाही, सासरी नाही. आज मला कुणी विचारलं की तुझे चांगले दिवस कोणते, तर मी काय सांगू? ज्या तासाभरात माझं या कंपनीत अस्तित्वच नाही असं कागदावर ठरत होतं, तो तास सांगू? पण खोटं कशाला बोलू. तोच होता.

आणि शेठ. शेठबद्दल वाईट बोलायला गेलं तर माझी जीभ अजून अडखळते. तो ओरडणारा नव्हता. दिवाळीला स्वतःच्या हातानं मिठाईचा डबा द्यायचा, वर "मावशी, डबा परत नको, तुम्हालाच ठेवा" म्हणायचा. पामवालीच्या मुलीच्या लग्नाला आला होता, पंगतीत बसून जेवला. माझ्या नवऱ्याला छातीत कळ आली तेव्हा त्यानं स्वतःची गाडी दिली, ड्रायव्हर दिला, पालघरला नेऊन सोडलं. गाडीत एसी होता. नवरा अर्धमेला होता आणि मी मनात म्हणत होते, पांढऱ्या सीटला माझ्या साडीचा लाल रंग लागू नये. मी सगळा रस्ता सीटच्या कडेवर बसून गेले. अशा माणसाकडे हक्काचं काय मागणार? त्यानं न मागता इतकं दिलं होतं. आपल्याला जे मिळायलाच हवं होतं त्याच्यापेक्षा ते फार थोडं होतं, हे कळायला मला म्हातारपण यावं लागलं. माझ्या नवऱ्याला कामगाराचं विम्याचं कार्ड असतं, मला असतं, तर ती गाडी लागलीच नसती. पण कार्डाचे आभार मानायला कुणी दारात उभं राहत नाही. गाडीचे आम्ही दोन वर्षं मानत होतो.

दुसरं असं, की आम्ही सगळ्याच तिथं थोड्या दिवसांसाठी होतो. मुलाचं कॉलेज होईपर्यंत. मुलीचं लग्न होईपर्यंत. शेतात बोअर लागेपर्यंत. थोड्या दिवसांसाठी कोण भांडतं? असे थोडे थोडे करत माझी बारा वर्षं गेली.

सफाळेवालीला खोकला लागला तो एका पावसाळ्यात. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मशीनच्या आवाजाला ताल धरते म्हणायचो. पाऊस गेला तरी खोकला राहिला. थुंकी पिवळी पडायची, आणि ती मला दाखवायची, "बग, अंदरपन पिशवी भरलीय." चालत स्टेशनवर यायला तिला दीड तासाचे सव्वादोन लागायला लागले. पाड्यावरच्या भगताला दाखवून झालं, सफाळ्याच्या डॉक्टरनं बाटली दिली, ती संपली. त्या डॉक्टरनंच सांगितलं, फोटो काढा छातीचा, मोठ्या दवाखान्यात जा, बराच काळ औषध घ्यावं लागेल. कामगारांच्या दवाखान्यात हे सगळं होतं, पण कार्ड हवं. कार्ड हवं तर रजिस्टरात नाव हवं. नाव लागलं असतं तर ती जगली असती, असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही. पण तिला विचारून बघता आलं असतं कुणालातरी.

तेव्हा मी म्हटलं, अर्ज करू.

पालघर नुकताच जिल्हा झाला होता, मोठ्या कचेऱ्या जवळ आल्या होत्या. सुटीच्या दिवशी दुपारी सगळ्या माझ्या खोलीवर आल्या. मी फुलस्केप कागद घेतला, समास पाडला, वर 'विनंती अर्ज' लिहिलं. आम्ही इतकी वर्षं काम करतो, आमची नावं कुठेच नाहीत, ती लावावीत आणि विम्याचं कार्ड मिळावं, एवढंच. मोठ्यानं वाचून दाखवलं. पामवाली म्हणाली, "शेठला वाईट नको वाटाया. त्याच्यात लिव, शेठ चांगला हाय म्हनून." आणि मी लिहिलं. खरंच लिहिलं, 'आमचे मालक स्वभावाने चांगले आहेत, त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही.' मग नावं. आजारी ती, म्हणून पहिलं नाव सफाळेवालीचं. मी तिच्या शेजारी इतकी वर्षं बसले आणि तिचं पूर्ण नाव त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. अंगठे घ्यायचे तर स्टँपपॅड वाळलेलं. ती म्हणाली, "शाई कनाला? हा बग." अंगठा पाण्यात बुडवला आणि कागदावर दाबला. पिवळा उठला, रेषान् रेष दिसत होती. मग सगळ्यांनी तसेच दाबले. अकरा अंगठे, म्हणजे दहा अंगठे आणि माझी सही.

तो कागद घेऊन मी एकटी पालघरला कामगारांच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारून पोच दिली. मी विचारलं, "मग आता?" म्हणाल्या, "साहेब येऊन बघतील." "कधी?" "कळवतील."

कळवतील. एवढ्या एका शब्दावर आम्ही तीन महिने काढले. माझा पत्ता मी अर्जावर घातला होता, पिनकोडसकट. पोस्टमन दिसला की मी पायरीवर यायची. कंपनीत सफाळेवाली भुवई उडवून विचारायची, आलं का? मी मान हलवायची. आमचं ठरलं होतं, आपलं पत्र आलं, त्यात तारीख कळली, की त्या दिवशी घंटा झाली तरी कुणी उठायचं नाही. पिशवी भरत राहायचं. साहेबाला बघू दे. पामवालीनं त्या दिवशी नेसायला नवी साडी काढून ठेवली होती. सरकारचा माणूस आपल्याला भेटायला येणार तर आपल्याला सांगून येईल, असं आम्हाला वाटत होतं. पाहुणा येतो तसा. कोण्या अडाण्याला नाही वाटणार, पण मला चार अक्षरं येत होती ना, मला वाटलं की अर्जाला उत्तर येतं.

थंडीचे दिवस होते. सकाळपासून तिला उबळीवर उबळ येत होती. शिलाईचं मशीन थांबवून ती ढिगाला टेकायची, पुन्हा उठायची. पिवळा माल चालू होता आणि पिवळा सगळ्यात हलका, वाऱ्यावर उडणारा. मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते. तेवढ्यात तीन टोले पडले.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. पामवाली म्हणाली, "पत्र?" मी म्हटलं, "नाही आलं." म्हणजे हा दुसराच कुणीतरी. पाण्याचा साहेब, नाहीतर धुराचा, नाहीतर बॉयलरचा, असले येतच असायचे. आणि मला, देवाची शपथ, बरं वाटलं. मला वाटलं, हिला ऊन मिळेल. हिला जरा मोकळी हवा मिळेल. मीच उठले पहिली. तिचा डबा उचलला, तिच्या काखेत हात घातला, म्हटलं, "चल गं, वनभोजन."

त्या दिवसाइतकं छान ऊन मी पुन्हा पाहिलं नाही. करंजाच्या बाहेर, मुद्दाम उन्हात तिला बसवली. तिनं करांदे आणले होते, मीठ लावून. खोकला हळूहळू बसला. ती आडवी झाली, डोकं माझ्या मांडीवर. पुढच्या बाजूला पांढरी जीप उभी होती, तिचं टप दिसत होतं.

"कोनाचा साएब आज?" तिनं विचारलं.

"पाण्याचा असेल."

"आपला कवा येल?"

"पत्र येईल की आधी."

"आपल्या साएबाला करांदं देऊ खायाला," ती म्हणाली. "त्याला सांगू, शेठच्या इकडं नको जेवू, आमच्यात बस."

पामवाली म्हणाली, "तुजं करांदं खाल्लं तर घसा खवखवंल त्याचा. मग तोपन खोकंल. मग त्यालापन कार्ड लागंल." सगळ्या हसल्या. मांडीवरचं तिचं डोकं हसताना हलत होतं ते मला अजून जाणवतं. जीप बराच वेळ थांबली. आम्ही म्हटलं, आज चांगला साहेब आहे, सावकाश बघतोय. देव त्याचं भलं करो. एक टोला पडला तेव्हा कुणाला उठायची इच्छा नव्हती.

संध्याकाळी फाटकातून निघताना वॉचमननं मला बाजूला घेतलं. बिचारा घाबरला होता. "मौसी, वो कागज तुम्हारा था न? पीले अंगूठे वाला?"

मी म्हटलं, "कुठला कागद?"

"साहब के हाथ में था. एक एक नाम पढ़ के पूछा, ये औरतें कहाँ हैं. पहला नाम दो बार पुकारा. शेठ बोले, ऐसी कोई औरत यहाँ नहीं, किसी ने शरारत की है. साहब ने पूरा शेड घूम के देखा." मग म्हणाला, "मैंने तो रोज जैसी घंटी बजाई, मौसी. मुझे क्या पता."

त्याला काय माहीत. मला तरी काय माहीत होतं. साहेबानं तिथं उभं राहून तिचं नाव दोनदा घेतलं होतं. आणि ती शंभर पावलांवर माझ्या मांडीवर झोपली होती, मी तिच्या केसांतून हात फिरवत होते. मीच उठवून नेली होती तिला.

दुसऱ्या दिवशी शेठनं बोलावलं. मला वाटलं, गेली नोकरी. तर त्यानं खुर्ची दिली. कपबशीतून चहा आला. रागावला नाही तो, दुखावला होता. "मावशी, मला सांगायचं ना. माझ्या आईच्या जागी तुम्ही. घरातली गोष्ट बाहेर नेलीत." मला इतकी लाज वाटली. कशाची वाटली ते आज मला समजावून सांगता येत नाही, पण मान वर होईना. मग तो म्हणाला, तुमचे यजमान आजारी असतात, मला कळतं, पुढच्या महिन्यापासून तुमचं नाव घेतो रजिस्टरात. कार्ड मिळेल. मी म्हटलं, "आणि सफाळेवाली? तिला गरज आहे." "त्यांना आधी बरं होऊ द्या," तो म्हणाला. "घरी आराम करू द्या. बऱ्या झाल्या की बघू." टेबलाच्या खणातून खोकल्याची बाटली काढून दिली माझ्याकडे, तिच्यासाठी. सील न फोडलेली.

मी घेतली. बाटलीही घेतली आणि कार्डही. निवृत्तीला माझी जेमतेम चार वर्षं राहिली होती, त्याला त्यात काय जात होतं. पण त्या वेळी खुर्चीवरून उठताना मी त्याच्या पाया पडायचीच बाकी राहिले होते.

तिला सांगताना मी रडले. ती बाटली उजेडात धरून बघत होती. म्हणाली, "घे ना कार्ड. येडी हाय का? तुजा नवरा घरात पडलाय." आणि मग, "माजं काय, मना तर सुटी दिलीय शेठनं." सुटी. तिला कुणी परत बोलावलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

कार्ड हातात आलं, कागदाचं, तात्पुरतं, फोटो नसलेलं. त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं की हे घेऊन तिलाच जाऊ दे. माझ्या वयाचीच आहे, कोण बघतंय. निरोप पाठवला, ती आली, दोन ठिकाणी बसत बसत. दवाखान्याच्या फाटकापाशी मी तिला माझं नाव पाठ करायला लावलं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. तिनं दोनदा म्हणून दाखवलं. फाटकातून आत पाय टाकला आणि थांबली.

"आत बोलवतील तवा तुजं नाव घेतील?"

"हो. मग तू उठायचं."

"म्हंजे खोकायचं मी आनि नाव तुजं." हसली थोडी. मग ओढणी नीट केली. "नको गे बाय. मना माजं नाव हाय."

मी खूप विनवलं. हाताला धरलं, रागावले, म्हटलं हट्ट करू नकोस, मरशील. ती म्हणाली, "त्या साएबानं घेतलं होतं ना माजं नाव? दोन वेला?" मी म्हटलं, हो. "मग हाय तर खरं कागदावर," ती म्हणाली, आणि वळली. बोईसर स्टेशनावर आम्ही बाकावर बसलो. माझ्या डब्यातली ज्वारीची भाकरी तिनं निम्मी खाल्ली, निम्मी फडक्यात बांधून घेतली. गाडी आली, बसली. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. मला कळलं ते बाजारात, भाजीवालीकडून, दोन महिन्यांनी.

गेल्या महिन्यात तिची मुलगी माझ्या दारात आली. चेहरा अगदी तोच, भुवई उडवायची तऱ्हा तीच. बोईसरलाच गोळ्यांची पाकिटं भरायच्या कंपनीत आहे, ठेकेदाराच्या हाताखाली. मी आधी विचारलं ते कार्डाचं.

"नाय मावशी. पन तसं बरं हाय. तपासनी आली का मोबायलवर मेसेज येतो. आमाला गाडीत घालून पामच्या साइडला नेतात, चा-बिस्कीट देतात. शेठ लई चांगला हाय. पोराला दप्तर दिलं त्यानं."

"आमचाही चांगला होता," मी म्हटलं.

"आय सांगायची. कंपनीत लई मजा यायची म्हनून. तुमी समदे झाडाखाली बसायचे."

सफाळेवालीनं एवढंच सांगितलं होतं मुलीला. अर्जाचं नाही, साहेबाचं नाही, माझ्या कार्डाचंही नाही. मला हायसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. मग मी तिला बसवलं आणि सांगितलं सगळं. घंटेपासून. तिच्या हातातला मोबाइल वाजत होता, तिनं तो उलटा ठेवला. तिच्या आईचं नाव त्या कागदावर पहिलं होतं हे सांगितलं तेव्हा तिनं मला नाव पुन्हा घ्यायला लावलं, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट.

"साएबानं हाक मारली आनि आय व्हती तिथंच?"

"शंभर पावलांवर."

"मग तिला भायेर कोनी नेली?"

"मी नेली," मी म्हटलं. "ती खोकत होती. मला वाटलं, तिला जरा ऊन मिळेल."